पागोळ्यांची हद्द

आमच्या गॅलरीच्या कोपऱ्यात वीतभर लांबीची एक पांढरी नळी आहे. स्लॅबमधून बाहेर डोकावते आणि तिचं तोंड थेट खालच्या काकूंच्या कठड्यावर. बांधणाऱ्याने पाण्याला वाट करून दिली. ते पाणी पुढे कुणाच्या डोक्यावर जाईल, हा प्रश्न मात्र आमच्यावर सोडला.

पहिल्याच मे महिन्यात मी गॅलरी धुवायला काढली. पावसकडच्या आमच्या घरात पडवी धुवायची म्हणजे बादली उपडी करायची आणि खराट्याने पाणी लोटायचं. पायरी उतरलं की ते अळवाला, तिथून केळीला. त्याच सवयीने इथेही बादली ओतली. जांभ्याची धूळ भिजून पाणी काव कालवल्यासारखं तांबडं झालं आणि नळीतून भळाभळा निघून गेलं. बरं सुटसुटीत काम झालं, असं मनात येतंय तोच खालून हाक आली, "अगो, पाणी गो! माझी पोळी!"

धावत खाली गेले. कठड्यालगत पाटावर तीन ताटं, त्यांवर जुन्या धोतराचं पान, पानावर तांबडे शिंतोडे. काकूंनी पान उचललं. खाली तीन उन्हं खाल्लेला हापूसचा रस, तकतकीत, कडेने ताट सोडू लागलेला. आणि त्यात मसुराएवढे पाच-सात डाग. काकू काही बोलल्या नाहीत. सुरीच्या टोकाने एकेक डाग कोरून काढला, ताट फिरवून पुन्हा उन्हात सरकवलं आणि म्हणाल्या, "बस. सरबत घे." कोकमाचं ते सरबत माझ्या घशाखाली उतरेना. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

घरी येऊन आठवले ते आजोबांचे पागोळ्यांचे वाद. कौलांवरून गळणारं पाणी जमिनीवर चरांची रांग पाडतं. ती रांग आपल्या हद्दीत पडते की शेजाऱ्याच्या, यावरून कोकणात भावाभावांनी बोलणं टाकलेलं आहे, वकील पोसलेले आहेत. 1882 सालचा सुविधाधिकार कायदा असल्या हक्कांचाही विचार करतो. दुसऱ्याच्या जागेत पाणी सोडण्याची वहिवाट 20 वर्षं उघडपणे, शांततेने आणि अखंड चालली, तर तिचा हक्क होऊ शकतो. मी इथे नऊ वर्षं राहते. अजून अकरा वर्षं नेटाने ओतलं, तर काकूंच्या आंबापोळीवर पाणी पाडण्याचा माझा हक्क शाबीत व्हायचा! अडचण एवढीच, की 'शांततेने' ही अट काकू पुरी होऊ देणार नाहीत.

गावात पागोळीचं भांडण आडवं होतं, कुंपणाच्या अल्याड-पल्याड. इमारतीत ते उभं झालं. आणि उभ्या भांडणात वरचा नेहमी गुन्हेगार असतो. पाणी खालून वर जात नाही, त्यामुळे खालच्याला फेड करायची सोयच नसते.

धुतल्यावाचून तर भागत नाही. आमची गॅलरी समुद्राच्या बाजूला. भाट्याच्या खाडीवरून वारा येतो तो खारा हात घेऊनच. ग्रिलवरून बोट फिरवलं की चिकट लागतं, आणि दोन महिने दुर्लक्ष केलं की रंगाला फोड येऊन आतून गंज सुटतो. त्यावर चिऱ्यांची धूळ बसते. या मातीत लोखंडाचा अंश, म्हणून तिचा डाग कपड्यातून सहजी निघत नाही. त्यात पारवे. पारव्यांबद्दल मी लिहिणार नाही, संताप होतो.

मग हळूहळू एक पद्धत बसली. आधी कोरडा केर. तोही नुसता झाडला तर धूळ उडून खालच्या धुण्यावर जाते. म्हणून वर्तमानपत्र फाडून, भिजवून, पिळून त्याचे तुकडे लादीवर विखरायचे आणि मग झाडायचं. धूळ कागदाला चिकटते. आजी अंगण झाडायच्या आधी पाण्याचा हबका मारायची, ते हेच. कुंड्या ओढायच्या नाहीत, उचलायच्या. दुपारी काका आडवे झालेले असतात आणि कुंडीची घरघर स्लॅबमधून त्यांच्या उशीपर्यंत पोचते, हे मला त्यांच्या खोकल्यावरून कळलं. तसा खोकला दुखण्याचा नसतो.

नंतर नळीत जुन्या बनियनचा बोळा, घट्ट. पाणी अर्धी बादली, जास्त नाही. शीळ धरणाचं पाणी मे महिन्यात तसंही जपूनच वापरायचं असतं. कुंच्याने घासायचं, मळकं पाणी सुपलीत ओढून पुन्हा बादलीत भरायचं. साबण नसेल तर ते जास्वंदीला, असेल तर न्हाणीघरात. शेवटी ओल्या फडक्याने ग्रिल, मग कोरड्याने. एवढ्या गॅलरीला पाऊण तास लागतो आणि कंबर बोलायला लागते. गावच्या पडवीला दहा मिनिटं लागायची. तो फरक म्हणजे शेजाराचं भाडं, असं मी धरून चालते.

दर मे महिन्यात, ताटं बाहेर पडली की काकू खालून विचारतात, "आज धुवायचा बेत आहे काय गो?" मी नाही म्हणते. नऊ वर्षांत त्यांनी एकदाही 'धुऊ नको' म्हटलेलं नाही.

यंदा पोळ्या डब्यात गेल्या आणि चारच दिवसांत मिरग लागला. रात्रभर गडगडाट झाला. सकाळी समोरची खाडी दिसेना, नुसता पांढरा पडदा. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पाहणारं हे गाव. सुरुवात करायला त्याला संकोच नसतो. सगळ्या इमारतीच्या सगळ्या नळ्या एकदम वाहत होत्या आणि कुणाचं पाणी कुणावर पडतंय याचा हिशेब लावणं शक्यच नव्हतं. आमच्या गॅलरीत मात्र घोटाभर पाणी साचलेलं. मी खराटा घेऊन उभी राहिले.

खालून, पावसाच्या आवाजावर आवाज चढवून काकू ओरडल्या, "अगो, आज ओत हो! हवं तेवढं ओत!"

मी वाकून बोळा काढला.