मूळ कागद

फेब्रुवारी २०२४ मध्ये कांद्याची निर्यातबंदी उठल्याची बातमी पसरली आणि लासलगावात भाव चढले. एकदोन दिवसांतच केंद्रीय ग्राहक व्यवहार सचिवांनी स्पष्ट केले की बंदी उठलेली नाही, ३१ मार्चपर्यंत ती कायम आहे. मार्चमध्ये तर ती पुढील आदेशापर्यंत लांबवण्यात आली. बंदी घातली गेली होती डिसेंबर २०२३ मध्ये, विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेने. म्हणजे ती उठवायची तर तशीच दुसरी अधिसूचना निघायला हवी होती. ती निघालेली नव्हती, आणि हे तपासायला दिल्लीत ओळख लागत नव्हती. पुढे मे महिन्यात बंदी खरोखर उठली तेव्हा टनामागे ५५० डॉलरचे किमान निर्यात मूल्य ठरवले गेले. पण ४० टक्के निर्यात शुल्क हे अर्थ मंत्रालयाच्या वेगळ्या अधिसूचनेत होते. ज्याने एकच कागद वाचला त्याचा निर्यातीचा हिशेब चुकणार हे उघड होते. व्यवसायासाठी सरकारी माहिती शोधण्याचे काम किती बारीक आहे, हे या एका पिकाच्या सहा महिन्यांत पुरते दिसते.

अशा कामात दोन प्रश्न सतत समोर असतात. ही माहिती खरी मानावी का, आणि ती आपल्या अहवालात छापता येईल का. पहिला प्रश्न संशोधकाचा समजला जातो. दुसरा वकिलाचा, आणि तो अहवाल छपाईला निघाल्यावर आठवतो. माझे म्हणणे असे की दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच मेहनतीतून मिळते, म्हणून ते वेगळे काढू नयेत. १९५७ चा कॉपीराइट कायदा पाहा. सरकारी प्रकाशनावर सरकारचाच हक्क असतो आणि तो ६० वर्षे टिकतो. ‘सरकारी म्हणजे सगळ्यांचे’ ही आपल्याकडची समजूत त्यामुळे चुकीची ठरते. अमेरिकेत संघीय सरकारच्या कामावर कॉपीराइट नसतो, आपल्याकडे असतो. मात्र कलम ५२ काही मजकूर मोकळा करते: राजपत्रात प्रसिद्ध झालेला मजकूर, स्वतःच्या भाष्यासह छापलेले अधिनियम, सरकारने मनाई केलेली नसेल तर विधिमंडळापुढे ठेवलेले समित्यांचे अहवाल, आणि न्यायालयाने रोखलेले नसतील तर त्याचे निकाल. ही यादी मला फार बोलकी वाटते. कायद्याने जे उद्धृत करायला मोकळे ठेवले आहे, त्यातले बरेचसे असे आहे की ज्याच्यामागे तारीख, क्रमांक आणि सही करणारा अधिकारी उभा आहे. कांद्याच्या बंदीची अधिसूचना शब्दशः छापता येते. तिच्यावरची वृत्तपत्रातली बातमी तशी उचलता येत नाही, आणि फेब्रुवारीत तर ती खरीही नव्हती.

यावर कोणी म्हणेल, वस्तुस्थितीवर आणि सुट्या आकड्यांवर कॉपीराइट नसतोच, मग एवढा विचार कशाला? म्हणणे बरोबर आहे. पण आकडा सुटा झाला की तो मुकाही होतो. बाजार समितीच्या नोंदीत किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात, सोबत आवक असते. ‘लासलगावचा भाव’ म्हणून कुणी कमाल दर उचलला, तर त्यावर बेतलेला कच्च्या मालाचा खर्च भलताच निघेल. उत्पादनाचेही तसेच. फळे-भाजीपाल्याचे अंदाज केंद्र सरकार टप्प्याटप्प्याने जाहीर करते, पहिला आगाऊ अंदाज आणि अंतिम अंदाज एकच आकडा सांगत नाहीत, आणि दोन्ही सरकारीच असतात. २०१७ च्या सरकारी मुक्त विदा परवान्याने व्यापारी वापरालाही मुभा दिली आहे. अट आहे ती स्रोत सांगण्याची. लोक ही अट तळटिपेतला उपचार म्हणून पाळतात. खरे तर विभाग, आवृत्ती आणि प्रसिद्धीची तारीख लिहिल्याशिवाय तो आकडा पुन्हा कुणाला तपासताच येत नाही. परवाना वापरायची मुभा देतो, अचूकतेची हमी देत नाही. ती जबाबदारी वापरणाऱ्याकडेच राहते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अधिसूचना, निकाल आणि आकडे यांचे खासगी संग्रह हेच सगळे नीट लावून देतात, वेळ वाचतो. वाचतो, आणि त्यातल्या कौशल्याला कायद्याने मानही दिला आहे. डिसेंबर २००७ मध्ये निकालसंग्रह छापणाऱ्या ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निकालाचा मूळ मजकूर सर्वांचा; संपादकाने कौशल्य आणि विवेक वापरून घातलेली भर मात्र त्याची. म्हणून संग्रह वाट दाखवायला वापरावा, उतारा मुळातून घ्यावा. आयात-निर्यातीत तर आणखी सावध राहायला हवे. २०२२ मध्ये सीमाशुल्क कायद्यात आलेल्या कलम १३५कक नुसार कायद्याची मुभा नसताना आयातदार-निर्यातदारांचा सीमाशुल्काकडे नोंदलेला तपशील प्रसिद्ध करणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एखादी कंपनी कोणता माल कुणाला किती पाठवते याची यादी कुणी विकायला आणली, तर ती कुठून आली हे आधी विचारावे लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उत्तरांबाबतही हाच प्रश्न आहे. एएनआय वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, त्यात वाद मजकुराच्या हक्काचा आहे; संशोधकाची अडचण त्याहून साधी आहे. उत्तर गुळगुळीत असते आणि अधिसूचनेचा क्रमांक त्यातून गळालेला असू शकतो.

आणि सरकारच गप्प बसले तर? बसते. २०१७-१८ च्या उपभोग खर्च पाहणीचा अहवाल जाहीर न करण्याचा निर्णय २०१९ मध्ये झाला; त्यानंतरची पाहणी २०२२-२३ ची, तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. मधली वर्षे ग्राहक कशावर किती खर्च करतो याचा अंदाज बांधणाऱ्यांच्या हाती २०११-१२ चे आकडे होते. ते वापरण्यात गैर काही नव्हते. पण कोष्टकाच्या डोक्यावर २०११-१२ असे ठळक न लिहिता ‘शासकीय पाहणीनुसार’ एवढेच लिहिणे, आणि त्या जोरावर बँकेकडे कर्जाचा प्रस्ताव पाठवणे, ही मला या पेशातली सर्वांत गंभीर चूक वाटते. कारण तो कागद वाचणाऱ्याला आपण किती जुन्या आकड्यांवर पैसे लावतो आहोत हे कळायला दुसरा मार्ग नसतो.