ताट धरणारे हात

परवा शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांचे जुने फोटो बघत बसले होते. हा गृहस्थ १९५५ पासून १९७६ मध्ये वारेपर्यंत, म्हणजे तब्बल २१ वर्षं महापौर होता! तिथल्या इलिनॉय विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्याचे कागद आणि फोटो जपून ठेवलेत. हस्तांदोलनं, भाषणं, समारंभ.. आणि मधोमध तोच.

ग्रंथालयालाही नाव त्याचंच. पण १९६५ मध्ये सुरू झालेला हा विद्यापीठाचा परिसर उभा राहिला तो हॅरिसन-हॅल्स्टेड भागातली इटालियन, ग्रीक लोकांची घरं पाडून. फ्लोरेन्स स्काला नावाची तिथलीच एक बाई शेजारणींना घेऊन महापौरांच्या कचेरीत ठिय्या देऊन बसली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. हरल्या. घरं गेली, फोटो राहिले.

आमच्या घरीही असा एक फोटो आहे. नगराध्यक्ष नळयोजनेची फीत कापताहेत. बाबा नगरपालिकेत शिपाई होते, कात्रीचं ताट त्यांनी धरलं होतं. फोटोत आलेत ते फक्त त्यांचे हात. "हे हात ह्यांचे," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची.

आता आई नाही. गेल्या महिन्यात नातवाने नगराध्यक्षांकडे बोट दाखवून विचारलं, "आजी, हेच का तुझे बाबा?"

काय बोलणार! त्या रात्री फ्रेम उघडली आणि फोटोच्या मागे बाबांचं नाव लिहिलं. पूर्ण.