पळत जा, पळत ये

हैदराबादेत गौलीगुड्यातल्या ज्या घरांत आम्ही वाढलो, तिथे पोराला काम सांगायची सुरुवात याच चार शब्दांनी व्हायची. पळत जा, पळत ये, बेगमबाजारातून पावशेर गूळ आण. पळत जा, पळत ये, जांबागच्या मावशींना सांग, संध्याकाळी सत्यनारायण आहे. पळत जा, पळत ये, ग्रंथालय बंद व्हायच्या आत आक्काचा दिवाळी अंक बदलून आण. ग्रंथालय म्हणजे इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथ संग्रहालय. चांगला अंक दुसऱ्या कुणी नेण्याआधी गाठायचा तर कोटीच्या गर्दीतून वाट काढत पळावंच लागे. दुकानाच्या पायरीवरून एखादे चाचा हमखास ओरडत, "अरे, भागो नक्को, गिरते!" आम्ही पडायचोही. गुडघ्याला हळद लागायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पळत जा, पळत ये.

आमच्याकडे निरोप पायांनी जायचा. गल्लीत टेलिफोन एकच, नानांकडे. काळा, जड, वर क्रोशाने विणलेलं झाकण आणि डायलला छोटंसं कुलूप. किल्ली नानांच्या जानव्याला. नंबर मात्र साऱ्या गल्लीचा. आमच्या घरांच्या लग्नपत्रिकांवर, बायोडाटावर, नोकरीच्या अर्जांवर तोच नंबर, पुढे कंसात 'पी. पी.', म्हणजे फोन शेजाऱ्यांचा. नांदेडहून ट्रंक कॉल आला की नानी दारात येऊन हाक मारायची आणि जे पोर समोर दिसेल ते सुटायचं. इकडे नाना फोनमध्ये ओरडून सांगत, "बोलावलंय, बोलावलंय, ठेवू नका!" तीन मिनिटं संपायच्या आत वहिनी ओल्या हातांनी पळत येत. पोरगी झाल्याचं, नोकरी लागल्याचं, आजोबा गेल्याचं, सगळं त्या खोलीत उभ्याने ऐकलं जायचं. बाहेर ओट्यावर गल्ली वाट बघत असे. वहिनी बाहेर आल्या की त्यांच्या तोंडाकडे पाहूनच निम्मं कळायचं.

नळ आला, हेही पळतच सांगायची गोष्ट होती. पहिली बादली भरेल तिने चार दारं वाजवायची, हा अलिखित नियम. आमच्या आज्या सांगत, १९०८च्या सप्टेंबरात मुसीला पूर आला तेव्हा आधी सांगायला कुणी आलंच नाही. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या एका चिंचेवर दीडशे माणसं बसून वाचली. त्या पुरानंतर वर धरणं झाली, गंडीपेटचा तलाव झाला आणि त्याचं पाणी आमच्या नळाला आलं. गंडीपेटचं पाणी प्यायलेला माणूस हैदराबाद सोडत नाही, असं म्हणायचे. आमच्यातले निम्मे सोडून गेले. पुण्याला, छत्रपती संभाजीनगरला, न्यूजर्सीला.

पाहुणे यायचे ते गौलीगुड्याच्याच बसस्टँडवर. लातूरच्या काकांच्या पोस्टकार्डात फक्त 'शनिवारी येत आहोत' एवढंच. कुठल्या गाडीने, ते गाडीलाच ठाऊक. मग एका पोराला सकाळपासून स्टँडवर उभं करायचं. काका दिसले की त्याने आधी घरी पळत यायचं, चहाचं आधण चढवायला सांगायचं आणि परत जाऊन वळकटी उचलायची. त्या स्टँडची लोखंडी कमान आम्हाला आभाळाएवढी वाटे. १९३२मध्ये निजामाच्या रेल्वेखात्याने २७ बसगाड्यांनिशी वाहतूक सुरू केली, त्या काळातली ती शेड. तिचे सुटे भाग अमेरिकेहून, मिसिसिपीहून आले होते असं मोठी माणसं सांगत. १९९४मध्ये इमलीबनला नवा स्टँड झाला, लांबच्या गाड्या तिकडे गेल्या, कमान शहराच्या बसेससाठी उरली. ५ जुलै २०१८ला ती कोसळली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. ही बातमी आम्हाला दिली न्यूजर्सीच्या भाच्याने, आमच्या 'गौलीगुडा गल्ली' ग्रुपवर. आम्ही काचीगुड्यात दात घासत होतो. तिकडे आदल्या दिवसाची रात्र होती. त्याने फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आपला स्टँड गेला.' धडाधड सगळे जागे झाले. त्या दिवशी ग्रुपवर एकही सुविचार आला नाही.

तेव्हा पळायला वेगळे बूट नव्हते. स्लिपरचा अंगठा तुटला की सेफ्टी पिन, पिन सुटली की मोची, मोच्याने हात टेकले की अनवाणी. पांढरे कॅनव्हासचे बूट शाळेच्या कवायतीचे. विवेकवर्धिनीतल्या २६ जानेवारीसाठी आदल्या रात्री त्यांना खडू फासायचा आणि चुलीच्या उबेला ठेवायचे. धाकट्याला ते मोठे व्हायचे, म्हणून पुढे कापूस. आता आमची मुलं सांगतात की पळायचा बूट सातशे किलोमीटरला बदलावा. सातशे किलोमीटर आम्ही गूळ आणि निरोप यांतच पळालो असू.

आणि आता पन्नाशीला आलेले आम्ही पुन्हा पळतो आहोत. पहाटे पाचला नेकलेस रोडवर हुसेनसागराच्या कडेने. ऑगस्टात हैदराबाद मॅरेथॉन असते, तेव्हा आमच्या गल्लीचे चार-पाच चेहरे तरी भेटतातच. कुणी दहा किलोमीटरवाले, कुणी एकवीसवाले. दिवसभर हायटेक सिटीची नोकरी, घराचे हप्ते, सासऱ्यांचं डायलिसिस, मुलीचा क्लास, त्यात तो पहाटेचा तास कुणी मागत नाही, म्हणून तो मनापासून आवडतो. पळून झालं की घड्याळातला आकडा ग्रुपवर जातो, अंगठे येतात, टाळ्या येतात. छान वाटतं, का वाटू नये? पण आमच्यातल्या एकाने पहिल्यांदा असा आकडा टाकला तेव्हा बरकतपुऱ्याच्या काकूंनी लिहिलं होतं, 'छान. कुणाकडे गेला होतास?' काकूंच्या हिशेबात पळण्याच्या दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी दार असणारच.

निरोप आता फोनने जातो आणि पाय रिकामे पळतात. दोघांची अशी फारकत व्हावी, हे आम्हाला खरंच लागतं.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी काकूंच्या मुलाचा परदेशातून मेसेज आला, 'आई कालपासून फोन उचलत नाही.' आमच्यातले तिघे तेव्हा नेकलेस रोडवरच होते. ते तसेच हिमायतनगर, नारायणगुडा करत बरकतपुऱ्यात पोचले. दार काकूंनीच उघडलं. फोन तांदळाच्या डब्यावर बंद होऊन पडलेला, चार्जरची वायर तुटलेली. काकूंनी तिघांना घामेजलेल्या अंगाने आत घेतलं, पोहे टाकले, मुलाशी तिघांपैकी एकाच्या फोनवरून बोलल्या आणि वर त्यालाच रागावल्या, की एवढ्याशा गोष्टीसाठी पोरांना पळवलंस.

तेव्हापासून आमचा रविवारचा रस्ता बदलला आहे. सागराला फेरी न मारता बरकतपुरा, काचीगुडा, बडी चौडी असं जायचं आणि जिथे गल्लीतलं कुणी म्हातारं एकटं आहे, तिथे थांबायचं. किलोमीटर कमी भरतात. काकू आदल्या रात्रीच ग्रुपवर विचारून ठेवतात, किती जणांचे पोहे भिजवू.