अंदाजपंचे एलएलबी

अठ्ठाविसाव्या वर्षी परत एन्ट्रन्स? आईने विचारलं, मैत्रिणींनी विचारलं, इतकंच काय, मॉक टेस्टचे कागद काढून देणाऱ्या झेरॉक्सवाल्यानेही विचारलं. हो, परत एन्ट्रन्स! मास कॉमची डिग्री आहे, फ्रीलान्स लिहिते आणि एका कामाचे पैसे सहा महिने अडकले की 'करार' या शब्दाबद्दल आपोआप प्रेम वाटायला लागतं. पण खरं कारण वेगळं. २०२५च्या जूनमध्ये आमच्या मुकुंदवाडीत जालना रोडलगतची बांधकामं पाडली गेली. त्यानंतर कितीतरी दिवस लोक मला गाठायचे. 'तू पेपरात लिहितेस ना, मग हे वाचून सांग.' मी वाचायचे आणि ओळखीच्या एखाद्या वकिलाला फोन लावायचे. १९८१ पासून शहरात असलेलं हायकोर्टाचं खंडपीठ आता याच जालना रोडवर आहे. शेअर रिक्षातून रोज दिसतं. आत काय चालतं ते दुसऱ्याला विचारूनच लिहायचं, याचा मला कंटाळा आला होता.

तर, तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी. १२० प्रश्न, दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट, त्यात पाणीही प्यायचं. लीगल अ‍ॅप्टिट्यूड २४, जीके ३२, लॉजिकल २४ आणि इंग्लिश चक्क ४०! बाकीचे प्रश्न मराठीतही दिसतात, इंग्लिशला सुटका नाही. माझा पहिल्या मॉकचा स्कोअर ६१. वेळ संपली तेव्हा १६ प्रश्नांना हातच लागला नव्हता.

इथे एन्ट्री झाली आमच्या गल्लीतल्या बारावीवाल्याची. वडील चिकलठाणा एमआयडीसीत, स्वतः क्लॅटच्या मागे. त्याला हवंय ते लॉ स्कूल याच शहरात, पण पार दुसऱ्या टोकाला, कांचनवाडीत. २०१७ला सुरू झालेलं महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ. तिथली फी लाखांत, त्यामुळे घरात त्याचा स्कोअर हा क्रिकेटपेक्षा मोठा विषय. त्याने माझा पेपर बघितला आणि म्हणाला, "ताई, तुला निगेटिव्ह मार्किंग नाही ना? मग रिकामं काय सोडतेस?"

बरोबर होतं त्याचं. सीईटीत चूक उत्तराला काहीही कापत नाहीत. चार पर्याय, १६ प्रश्न, अंदाजपंचे दाहोदरसे क्लिक केलं तरी सरासरी चार मार्क हाती. शेवटची तीन मिनिटं त्यासाठीच राखायची. याला अभ्यास म्हणायचं का? नाही, पण अ‍ॅडमिशन चार मार्कांवर हुकते.

त्याचा हिशेब मात्र उलटा. क्लॅटला १२० प्रश्न आणि दोनच तास, पण प्रत्येक चुकीला पाव मार्क कट. डोळे झाकून मारलेला तुक्का तिथे जवळपास शून्यावर येतो. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं, की मग मारण्यात फायदा. तेव्हा आम्ही एक नियम केला. त्याने उत्तराशेजारी 'माहीत', 'अर्धं माहीत' आणि 'देव जाणे' अशी खूण करायची. दोन रविवारांत कळलं, की गडी 'देव जाणे'त बिनधास्त होता आणि 'अर्धं माहीत'मध्ये घाबरून सोडून देत होता. मार्क तिथे पडले होते, उचलायचे बाकी होते.

माझे मार्क लीगल अ‍ॅप्टिट्यूडमध्ये अडकले होते. आधी एक नियम देतात, मग घटना. समजा नियम असा, की परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत शिरणं म्हणजे ट्रेसपास. घटनेत एक माणूस शेजाऱ्याच्या अंगणात पडलेला चेंडू आणायला जातो. पत्रकाराचं डोकं लगेच विचारतं, पोराचा चेंडू असेल, शेजारी खडूस असेल... "ताई, बातमी नाहीये ही," तो म्हणाला. नियमात चेंडूची सवलत नाही, म्हणजे नाही. दिलेल्या नियमाबाहेर पाऊल टाकायचं नाही, हे सहा वर्षं 'दुसरी बाजू काय?' विचारत फिरलेल्या बाईला जाम जड जातं!

आणखी एक. औरंगपुऱ्यातून स्वस्तात जुनी गाइडं आणणार असाल तर आधी तारीख बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालंय आणि फसवणुकीचं ४२० गेलं ३१८ मध्ये. 'चारसोबीस' ही शिवी आता निवृत्त करायची का, यावर आमची एक अख्खी संध्याकाळ गेली. (माझं मत, राहू द्या. 'तीनशे अठरा' म्हटल्यावर कुणाला राग येणार?)

चार महिन्यांत मी ६१ वरून ८४ वर आलेय. त्यातले चार अंदाजपंचेचे आणि सात-आठ नियमात राहायला शिकल्याचे. बाकीचे इंग्लिशचे, आणि ते सगळ्यात हळू आले. रोज पहाटे एक इंग्लिश अग्रलेख, घड्याळ लावून. यात शॉर्टकट असेल तर मला कळवा.

क्लॅट पूर्ण इंग्लिशमध्ये, उतारे साडेचारशे शब्दांपर्यंत, आणि हा गडी दहावीपर्यंत मराठी मीडियमचा. म्हणून अग्रलेख आम्ही दोघं गच्चीवर मोठ्याने वाचतो, एक परिच्छेद त्याचा, एक माझा. चिकलठाण्याचं विमानतळ हाकेवर. डोक्यावरून विमान जायला लागलं की तो ओळीवर बोट ठेवून थांबतो. आवाज विरला की परत त्याच शब्दापासून.