छत्रीवर दहा

मी जुगारी आहे असं म्हटलं की माझी बायको हसते. तिच्या हिशोबात जुगारी म्हणजे घर विकणारा माणूस. माझं प्रकरण अगदीच किरकोळ. वर्षाला दोन-तीन यात्रा, दरवेळी शर्टाच्या खिशात दोनशे रुपये वेगळे काढलेले, सगळे दहा-दहाचे सुट्टे. संपले की भेळ खायची आणि घरी. जिंकलो तर भेळीबरोबर जिलेबी. नोकरीसाठी नाशिकला आलो, आता एका ऑफिसात अकाउंट्स सांभाळतो, पण हा नियम काही बदलला नाही. बदलला नाही असं मी सगळ्यांना सांगत आलोय. ते पूर्ण खरं नाही, पण त्याकडे नंतर येतो.

माझं गाव प्रकाशा. नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका. गोमाई इथे तापीला मिळते. गावाला दक्षिण काशी म्हणतात, केदारेश्वराच्या घाटावर लांबून लोक अस्थी घेऊन येतात. १९५५ साली पुरातत्त्व खात्याने इथली पांढरी खणली तेव्हा ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली होती. एवढं जुनं आणि पवित्र गाव असूनही आम्हा पोरांना वेध असायचे ते आसपासच्या यात्रांचे. नदीच्या वरच्या अंगाला सारंगखेडा, तिथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार. मोठी माणसं लाखांच्या घोड्यांचे दात बघत हिंडायची आणि आम्ही रिंगा फेकायचो. रिंग साबणावर पडली तर साबण, स्टीलच्या वाटीवर पडली तर वाटी. माझ्या आयुष्यातली पहिली बोली म्हणजे एक रुपया, आणि मिळकत लाल साबणाची वडी. आईने ती महिनाभर कुणाला वापरू दिली नाही.

बोर्ड भेटला तो दहाव्या वर्षी, तापीकाठच्याच एका यात्रेत. नाव सांगत नाही, कारण त्यात यात्रेचा दोष नव्हता.

बोर्ड म्हणजे मेणकापडावर रंगवलेली सहा चित्रं. छत्री, कबुतर, पतंग, दिवा, गाय, सूर्य. डब्यात एक लाकडी ठोकळा, त्याच्या सहा बाजूंना तीच चित्रं. डबा हलवायचा, उपडा घालायचा, लोकांनी हव्या त्या चित्रावर पैसे ठेवायचे, मग डबा उचलायचा. “दहा लाव, पन्नास ले!” एवढीच जाहिरात. बोर्डवाले काका कुठून यायचे माहीत नाही. मी तासभर नुसता बघत उभा होतो. त्यांनी मला बाजूला बोलावलं, दहाची नोट दिली आणि म्हणाले, मी कान खाजवला की छत्री, नाक पुसलं की कबुतर, खोकलो की गाय. डबा उपडा घालताना ते एका बाजूने केसभर उचलून आत बघून घ्यायचे.

मी जिंकायला लागलो. पन्नास, परत पन्नास. चड्डीतलं पोरगं जिंकतंय म्हटल्यावर गर्दी झाली. काका तोंड पाडून पैसे द्यायचे, डोक्यावर हात मारायचे, “हा पोऱ्या मला विकायला लावतो आज!” तो अभिनय मला आजही आठवतो, भारी होता. रात्री पैसे परत द्यायचे आणि बदल्यात जिलेबी. तीन दिवस मी ही नोकरी केली.

तिसऱ्या दिवशी तो माणूस आला. होळी जवळ आलेली. गुजरातेत ऊस तोडायला गेलेली माणसं त्या सुमाराला परत फिरतात. बरोबर बायको, तिच्या डोक्यावर बोचकं, त्यातून पातेल्याचा काळा बूड दिसत होता. तो आधी दहा हरला, मग वीस, मग पन्नासच्या नोटा निघाल्या. मी मध्ये मध्ये जिंकत होतोच. शेवटी त्याच्या हातात पन्नासच्या चार नोटा उरल्या. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “पोऱ्या, तू सांग. तुना हात चांगला शे.”

मी काकांकडे बघितलं. त्यांचे दोन्ही हात डब्यावर होते. कान नाही, नाक नाही, खोकला नाही.

मी म्हणालो, छत्री.

कबुतर निघालं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, “जाऊ दे,” म्हणाला आणि गर्दीतून मागे सरला. त्याच्या बायकोने कमरेची गाठ सोडून पैसे मोजले, बहुतेक गाडीभाड्याचे. त्या रात्रीची जिलेबी मी खाल्ली. खाल्ली नाही असं लिहिलं असतं तर छान दिसलं असतं, पण खाल्ली.

अकाउंट्सची नोकरी लागल्यावर एकदा बसमध्ये मी त्या बोर्डाचा हिशोब मांडला. सहाही चित्रांवर दहा-दहा लागले तर जमा साठ, वाटप पन्नास. म्हणजे ठोकळा अगदी सच्चा असला, कुणी कान खाजवला नाही, तरी शंभरामागे साडेसोळाच्या वर बोर्डवाल्याचे. मटक्यात शून्य ते नऊ असे दहा आकडे, लागला तर एकाला नऊ. तिथे कापणी दहा टक्के. त्यातही गंमत अशी की मटक्याचा जन्म कापसातला. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडणारे आणि बंद होणारे भाव मुंबईत यायचे, त्यांच्या आकड्यांवर पैजा लागायच्या. ते थांबल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगतने वरळीत स्वतःच आकडे काढायला सुरुवात केली, १९६४ पासून रतन खत्रीचा मटका. आमच्या खानदेशात घरात कापूस आणि टपरीवर आकडा, दोन्हीकडे भाव दुसऱ्याने ठरवलेला. आजोबा दोन्हीकडे हरले. पण कापसात हरले की लोक हळहळायचे.

डिसेंबर २०२२ मध्ये ऑफिसची सहल गोव्याला गेली आणि मी पहिल्यांदा खरा कॅसिनो पाहिला. मांडवीत उभी असलेली बोट. कॅसिनो नदीत का, याचं उत्तर कायद्यात आहे. गोव्याच्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत मशिनं चालवायला मुभा दिली, आणि १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यावरच्या जहाजांत टेबलांचे खेळ आले. (महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा करून ठेवला होता. तो एक दिवसही अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. आपल्याकडे चालतो तो १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा, राणीच्या काळातला.) धक्क्यापर्यंत सोडणाऱ्या टॅक्सीवाल्याला मी विचारलं, तुम्ही जाता का कधी? तो हसला. “आमकां भितर सोडिनात.” फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना खेळायला बंदी आहे. नदी त्यांची, बोटी त्यांच्या डोळ्यांसमोर, पण आत फक्त पाहुणे.

आत गालिचा, थंडी, घड्याळ कुठेच नाही. मी रूलेटच्या टेबलाला चिकटलो, कारण तो मला बोर्डाचा शहरात शिकलेला भाऊ वाटला. छत्र्या-कबुतरांऐवजी एक ते छत्तीस आणि एक शून्य, मिळून सदतीस घरं. लागलं तर लावलेल्यासकट छत्तीसपट परत. कापणी किती? सदतिसातला एक भाग, शंभरामागे दोन रुपये सत्तर पैसे. मी दोनदा गणित केलं. सूटबूटवाल्या माणसाकडून पावणेतीन रुपये कापतात आणि ऊसतोडीच्या माणसाकडून साडेसोळा! एवढ्या प्रामाणिक चाकावर मी आयुष्यात पहिल्यांदा पैसे लावत होतो.

मग लक्षात आलं, माझ्यासारख्याचं नुकसान चाकावर होतच नाही, दारात होतं. आत यायचं तिकीटच दोन हजारांच्या वर. त्यात जेवण, दारू, थोडे चिप्स, सगळं खरं, पण माझ्या दोनशेच्या नियमाने मी दहा यात्रा आधीच हरून बसलो होतो. सहकारी मजेत होते. माझे फुकटातले चिप्स पाऊण तासात संपले, मग मी पनीर खाल्लं आणि डेकवर जाऊन मांडवीतले दिवे बघत बसलो. सुंदर दिसतात. बोर्ड आणि बोट यांत मला निवडायला सांगितलं तर गणित बोटीच्या बाजूने आहे. पण बोटीवर माझं नाव घेऊन ओरडणारं कुणी नव्हतं, जनरेटर बंद पडला म्हणून खेळ थांबत नव्हता, आणि हरलेला माणूस कसा दिसतो हे त्या उजेडात कळतच नव्हतं.

हे सगळं मी एकदा माझ्या मावसभावाला फोनवर सांगत होतो. तो अमेरिकेत कनेक्टिकटला असतो आणि माझ्यासारखाच चिल्लर जुगारी. त्याच्या जवळपास दोन कॅसिनो आहेत, फॉक्सवुड्स आणि मोहिगन सन. वीस डॉलर घेऊन कधी इकडे, कधी तिकडे. कॉफी कुठली बरी, पार्किंग कुठलं लांब, वीस डॉलर कुठे जास्त वेळ पुरतात, याचा त्याचा अभ्यास एखाद्या पीएचडीसारखा. बोलता बोलता म्हणाला, “दोन्ही आदिवासींचे आहेत.” मला वाटलं सजावट तशी असेल. तर नाही, मालकीच त्यांची. फॉक्सवुड्स मॅशनटकेट पीकॉट जमातीचा. १६३७ च्या युद्धात गोऱ्यांनी जवळपास संपवलेली ही जमात. १९८३ मध्ये तिला केंद्र सरकारची मान्यता मिळाली, १९८६ मध्ये तिने बिंगोचा हॉल काढला आणि १९९२ मध्ये कॅसिनो. १९८७ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की जमातीच्या जमिनीवरच्या खेळांना राज्याचे नियम लावता येत नाहीत, आणि पुढच्या वर्षी संसदेने त्यासाठी कायदाच केला. नफा जमातीच्या कारभारावर आणि लोकांच्या कल्याणावर खर्च करायचा.

माझा एक शाळासोबती भिल्ल आहे, धडगावकडच्या एका आश्रमशाळेत शिकवतो. दिवाळीला भेटला तेव्हा मी त्याला ही गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प.

“म्हणजे तिकडे बोर्ड त्यांचा?”

“हो.”

“आणि हरायला कोण येतं?”

“माझा भाऊ.”

तो इतका हसला की त्याचा चहा सांडला. मग म्हणाला, “आमच्याकडे बोर्ड टाकून काय करू? चांदसैलीचा घाट चढून कोण येणार हरायला?” त्याचा मुद्दा बरोबर होता. अमेरिकेतही निम्म्याहून कमी जमातींकडे असे खेळ आहेत, आणि शहरापासून लांब असलेल्यांना त्यातून फारसं सुटत नाही. पण तो पुढे जे बोलला ते जास्त लागलं. पेसा कायद्याने ग्रामसभेला दारू आणि सावकारी यांवर लगाम घालायचा अधिकार दिलाय, दोन्हींवर त्याने गावात सभा पाहिल्या आहेत. बोर्डाबद्दल कधीच कुणी बोललं नाही. “कारण बोर्ड चार दिवस येतो आणि जातो. कधी येतो माहितीये? हातात पैसे असतात तेव्हा.” मी त्याला तोवर कधी सांगितलं नव्हतं की एका बोर्डावर मी नोकरी केली आहे. त्या दिवशी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. “किती वर्षांचा होतास?” एवढंच विचारलं.

आता ते अपूर्ण खरं. माझा दोनशेचा नियम यात्रेत मोडला नाही, बोटीवरही नाही. तो मोडला फोनवर. रमीचं एक अ‍ॅप होतं. उघडलं तेव्हा पन्नास रुपये बोनस मिळाला, फुकट. दुसऱ्याने हातात ठेवलेली नोट घेऊन खेळायला बसायची मला लहानपणापासून सवय, पण ते मला तेव्हा सुचलं नाही. बोली दहाची, वीसची, म्हणजे माझ्याच मापाची. फक्त यात्रेत शर्टाचा खिसा हाताला हलका लागतो, इथे खिसा नव्हता. रात्री दीड वाजता “तुमची वाट बघतोय” असा मेसेज यायचा. सात महिन्यांनी एका रविवारी बँकेचं स्टेटमेंट काढून मी टिकमार्क करत बसलो, दिवसभर ऑफिसात करतो तसंच. अठरा हजार चारशे साठ. सगळे दहा-वीस-पन्नास करत गेलेले. माझ्या नियमाने ब्याण्णव यात्रा. बायकोला मी निम्माच आकडा सांगितला आहे. उरलेला तिला हे वाचून कळेल.

२२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही होऊन पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. पुढच्या काही दिवसांत अ‍ॅपमधला तो भाग बंद पडला. मी स्वतः थांबलो असतो का, हा प्रश्न तिथेच राहिला. कायद्याचे आभार मानताना मला थोडी लाज वाटते, कारण बोर्डावर तर १८८७ पासून बंदी आहे.

यंदा होळीच्या आधी मित्राबरोबर सातपुड्याच्या पायथ्याशी एका आठवडे बाजाराला गेलो. भोंगऱ्याचे दिवस. ढोल, बासऱ्या, नव्या कपड्यांतली पोरं, गुळाच्या आणि डाळ्यांच्या राशी. एका झाडाखाली मेणकापड दिसलं आणि मी थांबलो. चित्रं वेगळी होती, डबा तसाच. समोर आठ-नऊ वर्षांचा मुलगा. तो जिंकला. परत जिंकला. मी चित्रांकडे बघायचं सोडून बोर्डवाल्याकडे बघायला लागलो. कान नाही, नाक नाही. चौथ्या डावाला कळलं, तो गुडघा चोळायचा. उजवा गुडघा, सूर्य. डावा, मासा.

त्याने डावा गुडघा चोळला. मुलाने दहा माशावर ठेवले, मीही ठेवले. डबा उचलला, मासा. पुढच्या डावाला उजवा गुडघा, मी मुलाच्या आधीच सूर्यावर पन्नास ठेवले. बोर्डवाल्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग डबा मेणकापडात गुंडाळत म्हणाला, “चहा पिऊन येतो.” माझी पन्नासची नोट त्याने परत केली. गर्दी पांगली. ऊसतोडीहून आलेले दोघे-तिघे पैसे मुठीत धरून तिथेच उभे होते, चहा संपायची वाट बघत. मित्र त्यांच्याजवळ गेला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलायला लागला. एक जण निघाला. बाकीचे थांबले.

मी शेजारच्या गाडीवरून पाव किलो जिलेबी घेतली आणि त्या मुलापुढे कागद धरला.

“नको,” तो म्हणाला. “मला काका देणार आहेत.”