हातमोजा, निब आणि बाबांची काठी

डिजिटल पेनबरोबर घ्यायच्या वस्तूंची यादी बघितली की वाटतं, हे सगळे आपल्या खिशातून पैसे काढायचे प्रकार आहेत. दोन बोटांचा हातमोजा, जाड ग्रिप, कागदासारखा स्क्रीनगार्ड, जास्तीच्या निब, तिरका स्टँड. टॅबवर पोटासाठी चित्रं काढायला लागून मला चार वर्षं झाली. आता ती यादी मी वेगळी वाचते. त्यातली प्रत्येक वस्तू हाताच्या एकेका दुखण्याचं नाव आहे.

आम्ही बिबवेवाडीत राहतो. मी मुलांच्या पुस्तकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी चित्रं काढते. पैसे चित्रामागे मिळतात, तासामागे नाही. गेल्या ऑगस्टमध्ये दिवाळीची कामं एकदम आली आणि अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली. चहाचा कप उचलवेना. फिजिओथेरपिस्ट ताईंनी हात बघितला आणि म्हणाल्या, “पेन दाखव.” पेन बारीक असलं की ते धरून ठेवायला अंगठा आणि बोटं जास्त आवळावी लागतात. जाडी वाढली की तेवढा जोर लागत नाही. मी अप्पा बळवंत चौकातून शाळेच्या मुलांची दहा रुपयांची रबरी पेन्सिल-ग्रिप आणली. कळ लगेच गेली नाही, पण महिन्याभरात कप उचलता यायला लागला.

ग्रिप घेताना एक बघायचं. माझ्या पेनात सेल नाही. स्क्रीनखालच्या थरातून विद्युतचुंबकीय क्षेत्र येतं, पेनातली कॉइल त्यावर चालते आणि आपली जागा आणि दाब टॅबला कळवते. त्यामुळे रबर, फोम काहीही चालतं, पण लोहचुंबक जवळ आलं की रेघ वाकडी होऊ शकते. चुंबकाचं झाकण असलेलं कव्हर चित्र काढताना काढून ठेवलेलं बरं. ॲपलच्या पेन्सिलीचं गणित वेगळं. ती चार्ज करावी लागते, आणि 2018 साली आलेली दुसरी पिढी तर चुंबकानेच आयपॅडच्या कडेला चिकटते.

हातमोज्याचं कारण पुण्यातला एप्रिल. घामेजलेला तळहात काचेला चिकटतो आणि लांब रेघ मध्येच अडखळते. विकतचा मोजा करंगळी आणि अनामिका झाकतो, बाकीची बोटं मोकळी ठेवतो. मी स्कूटरवर घालायचा सुती मोजा घेतला, तीन बोटं कापली आणि तळहाताच्या कडेला आतून कापडाचा आणखी एक थर शिवला. पातळ कापडातूनही स्पर्श स्क्रीनपर्यंत पोचतो, म्हणून दुसरा थर.

कागदासारखा स्क्रीनगार्ड मात्र विचार करून लावा. त्याच्या खरखरीतपणामुळे रेघेवर ताबा येतो, पण तोच निब झिजवतो आणि रंग थोडे मळकट दिसतात. निबचं टोक एका बाजूने चपटं दिसलं की बदलायची.

बाबा मार्केट यार्डातल्या गाळ्यांच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्याकडे एक काठी होती, टोकाला कापडाचा गोळा बांधलेली. डाव्या हातात धरून ती पाटीला टेकवायची आणि तिच्यावर उजवं मनगट ठेवून अक्षर काढायचं. ओल्या रंगाला हात लागत नाही, ब्रश थरथरत नाही. कॅथरिना फान हेमेसन या चित्रकर्तीने 1548 साली स्वतःचं चित्र काढलं, त्यात तिच्याही हातात अशीच काठी आहे. मी बाबांना टॅबमधलं स्टॅबिलायझर दाखवलं, हाताची थरथर गाळून रेघ सरळ करणारं सेटिंग. ते म्हणाले, “म्हणजे काठी आत गेली.”

फ्लेक्स आले आणि बाबांचं काम संपलं. आता माझ्या कामाबद्दल तेच ऐकू येतं. चित्रं तर मशीनही काढतं, म्हणून एका ठिकाणी मला निम्मा दर सांगितला गेला. तो घेतला तर तेवढ्याच पैशांसाठी दुप्पट चित्रं, म्हणजे अंगठ्यावर दुप्पट भार. मी नाही म्हणाले. त्या महिन्यात हात आखडता घ्यावा लागला. पण माझं भांडवल टॅब नाही, अंगठा आहे, हे तोवर कळलं होतं. टॅब हप्त्यावर दुसरा मिळेल.

म्हणून नवीन चित्रकार मित्रमैत्रिणींना मी यादी पाठवत नाही. सांगते, आधी दोन तास सलग चित्र काढा. मग कुठे दुखतंय, कुठे चिकटतंय, कुठे घसरतंय ते लिहून ठेवा. मान दुखली तर स्टँड, अंगठा दुखला तर ग्रिप, तळहात अडला तर मोजा. काहीच दुखलं नाही तर पैसे वाचले. आणि कामाचा दर सांगताना निब, ग्रिप आणि हाताची विश्रांती त्यात धरा. बाबांनी काठी घरीच केली होती, तिचे पैसे पाटीच्या दरात त्यांनी कधी लावले नाहीत. मी लावते.