चार वाजताचं जेवण

जपानात डिसेंबरात साडेचार-पाचलाच सूर्य मावळतो. टोकियो, क्योटो, हिरोशिमा, कोबे असे २० दिवस एकटी फिरले, तेही सारखं घड्याळ बघत. तिथल्या भाजीच्या सूपातही बहुधा माशाचा अर्क असतो, म्हणून पिशवीत खाकरे नि शेंगाचटणी (बिनलसणाची, हे काय सांगायचं!).

कोबेला १९८५ सालचं संगमरवरी जैन मंदिर आहे. श्वेतांबर. आम्ही दिगंबर, पण हात जोडताना ते कुठं आठवतंय?

चार वाजता बाहेर येऊन बाकावर जेवले. बेळगावात तीस वर्षं सगळ्यांना वाढून, दिवस बुडता बुडता दोन घास गिळायची मी. इथं वाढायला कुणीच नव्हतं. जेवण झालं, तरी ऊन होतंच. मग काय करावं सुचेना. रिकामा डबा पुसत बसले.